राणी सुपायालत : मंडालेची महाराणी, रत्नागिरीची कैदी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रत्नागिरीत थिबा पॅलेस पाहायला येणारे पाहुणे राजाबद्दल दोन-तीन प्रश्न विचारतात आणि मग हमखास राणीकडे वळतात. तिच्याविषयी त्यांनी आधीच काहीतरी ऐकलेले असते, आणि ते बहुधा वाईटच असते. गेली अनेक वर्षे नातेवाइकांना, शाळेच्या सहलींना आणि परगावच्या मित्रांना हा वाडा दाखवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे येथे शक्य तेवढ्या काळजीने दिली आहेत.

सुपायालत कोण होती आणि तिचा रत्नागिरीशी काय संबंध?

सुपायालत ही ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याची पट्टराणी. तिचा जन्म १८५९ साली मंडालेच्या राजवाड्यात झाला. १८७८ च्या अखेरीपासून नोव्हेंबर १८८५ पर्यंत, म्हणजे जेमतेम सात वर्षे, ती सिंहासनावर राजाच्या शेजारी बसली. इंग्रजांनी राज्य जिंकल्यावर राजाराणीला प्रथम मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवण्यात आले. ती येथून गेली ती थेट १९१९ साली. सात वर्षांचे राज्य आणि तेहतीस वर्षांची रत्नागिरी, हे प्रमाण लक्षात ठेवले पाहिजे, कारण तिच्याविषयी जे लिहिले-बोलले जाते ते जवळजवळ सगळे त्या सात वर्षांचे असते. बंदरावर उतरली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि परत गेली तेव्हा साठीला टेकली होती.

तिच्या नावाचा अर्थ काय?

‘सुपाया’ ही राजकन्यांची पदवी आणि ‘लत’ म्हणजे मधली. थोरली बहीण सुपायाजी, मधली सुपायालत आणि धाकटी सुपायाले, अशा या तिघी सख्ख्या बहिणी होत्या. आपल्याकडे घरात थोरली, मधली, धाकटी म्हणून हाक मारतात, त्यातलाच हा प्रकार. इंग्रज सोजिरांनी या नावाचे ‘सूपप्लेट’ करून टाकले होते. ज्या बाईच्या नावाची अशी टिंगल होत होती तिच्याविषयी त्याच लोकांनी लिहिलेले सगळे जसेच्या तसे खरे मानायचे का, हा विचार वाचकाने येथूनच मनात ठेवावा.

ती राणी कशी झाली? थिबा तर तिचा सावत्र भाऊ होता ना?

होय, दोघेही राजा मिंदोन याचीच मुले, आया वेगळ्या. राजरक्त शुद्ध राहावे म्हणून सावत्र बहिणीशी विवाह करण्याची त्या राजघराण्याची जुनी रीत होती. त्या काळी तेथे कोणालाही त्यात काही वावगे वाटत नव्हते.

खरी गोष्ट आहे ती तिच्या आईची. सिनब्यूमाशिन हे तिचे नाव. मिंदोनच्या अनेक राण्यांमध्ये हिचा दरारा मोठा होता. तिची आई, म्हणजे सुपायालतची आजी मे नू, ही सामान्य घरातून येऊन राणी झाली होती आणि एका राजाला मुठीत ठेवल्याबद्दल तिचेही नाव असेच गाजले होते. पुढे सत्ता उलटल्यावर मे नूला जीव गमवावा लागला. त्या घराण्यात सत्ता गेली की केवळ सन्मान जात नसे, मानही जात असे, हे या मुलींना बाळकडूबरोबर मिळाले होते.

मिंदोनने वारस नेमलेला नव्हता. त्याने युवराज केलेला त्याचा भाऊ १८६६ साली राजपुत्रांच्याच बंडात मारला गेला होता आणि त्यानंतर त्याने कोणाचेच नाव पुढे केले नाही. १८७८ मध्ये तो मरणपंथाला लागला तेव्हा सिनब्यूमाशिनने प्रधान किनवुन मिंजी याच्या साहाय्याने थिबाला पुढे आणले. थिबा एकोणीस वर्षांचा होता, मठात शिकलेला, पाली धर्मग्रंथांच्या परीक्षेत चमकलेला आणि पाठीशी कोणताही गट नसलेला मुलगा. असा राजा आपल्या शब्दाबाहेर जाणार नाही, असा हिशेब प्रधानाने केला होता आणि राणीनेही. त्याच्याशी लग्न ठरले होते थोरल्या सुपायाजीचे. मधलीने मात्र स्वतःही त्याच समारंभात राजाशी विवाह केला आणि थोडक्याच दिवसांत थोरली नावापुरती राणी उरली.

१८७९ चे राजघराण्यातील हत्याकांड सुपायालतने घडवून आणले का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे.

जे घडले त्याविषयी वाद नाही. फेब्रुवारी १८७९ मध्ये मंडालेच्या राजवाड्यात मिंदोनचे मुलगे, मुली आणि इतर आप्त मिळून सुमारे ऐंशी जणांना ठार मारण्यात आले. राजरक्त जमिनीवर सांडू नये असा संकेत असल्यामुळे त्यांना कापडात गुंडाळून मारले आणि मोठ्या खड्ड्यात पुरले, असे वर्णन केले जाते. मेलेल्यांत बायका आणि लहान मुले होती. हे वाचताना अंगावर काटा येतो आणि तो यायलाच हवा. कोणत्याही राणीची बाजू मांडताना या माणसांना विसरून चालणार नाही.

हुकूम कोणाचा, हा खरा प्रश्न. या कटाची सूत्रे सिनब्यूमाशिनकडे होती आणि राजदरबारातील काही मंत्री तिच्याबरोबर होते, याकडे बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. राजा वीस वर्षांचा, राणी एकोणीस वर्षांची, आणि दोघांना गादीवर बसवणारी आई अजून वाड्यात बसलेली. सुपायालतला याची काहीच कल्पना नव्हती असे म्हणणे मला पटत नाही, कारण वाड्यात इतकी माणसे कोंडलेली असताना ते तिच्या कानावर गेले नसेल हे संभवत नाही. पण ठाऊक असणे वेगळे आणि घडवून आणणे वेगळे. तिने स्वतः हा आरोप नाकारला होता.

त्या दरबाराच्या दृष्टीने यामागे एक निर्दय हिशेब होता, तोही सांगितला पाहिजे. १८६६ चे बंड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. शिवाय न्यॉंगयान आणि न्यॉंगओक हे दोन राजपुत्र आधीच निसटून इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते आणि कलकत्त्यात सुरक्षित होते. त्यांना पुढे करून इंग्रज कधीही आपल्यावर चालून येतील ही भीती निराधार नव्हती. भीतीने कृत्य समजते, क्षम्य ठरत नाही.

आता दोष राणीच्याच माथी का बसला? एक कारण असे की आई पुढे विस्मरणात गेली आणि मुलगी इंग्रजांच्या विरोधात ठामपणे उभी राहिली. रंगूनच्या आणि लंडनच्या वृत्तपत्रांना राज्य खालसा करण्यासाठी एक खलनायिका हवी होती. थिबाला त्यांनी दारुडा ठरवले, मठात वाढलेल्या या मुलाला हातात बाटली दिलेली चित्रे छापली, आणि त्याच्या शेजारी रक्तपिपासू राणी उभी केली. एकदा नाव कानफाट्या पडले की ते जात नाही.

राजा तिच्या ताटाखालचे मांजर होता, असे म्हणतात. तिचा प्रभाव नेमका किती होता?

बराच होता आणि तो उघड होता. ती दरबारी कामकाजात लक्ष घालत असे, कोणाला वर चढवायचे आणि कोणाला खाली ओढायचे हे ठरवत असे. मंत्र्यांना तिची मर्जी सांभाळावी लागे. पण सर्वात जास्त खळबळ उडाली ती तिने नवऱ्याला दुसऱ्या बायका करू दिल्या नाहीत म्हणून. मिंदोनच्या अंतःपुरात राण्यांचा भरणा होता आणि निरनिराळ्या प्रांतांतील, घराण्यांतील मुली राजाने राण्या म्हणून घेणे हा तेथील राज्यकारभाराचाच भाग होता, कारण प्रत्येक राणीमागे एक घराणे राजाशी बांधले जाई. सुपायालतने हे बंद केले. पुढे धाकट्या सुपायालेला राणीपद मिळाले, तेवढाच अपवाद. परिणामी राजाचा संसार सुटसुटीत झाला, पण राज्याला बांधणारे कितीतरी धागे तुटले. आज आपल्याला तिची मागणी अगदी रास्त वाटेल. त्या दरबाराला ती घातक वाटली, आणि त्या दृष्टीने दरबारही पूर्ण चुकीचा नव्हता.

याच मागणीची काळी बाजू म्हणजे डाइंग खिन खिन हिचे प्रकरण. मंत्र्याच्या घराण्यातील ही तरुण मुलगी थिबाच्या मनात भरली होती आणि तिला राणी करण्याचा त्याचा विचार होता. सुपायालतने ते कळताच आकाशपाताळ एक केले, मुलीच्या आप्तांवर कटाचा आळ आला आणि अखेर त्या मुलीलाही मारण्यात आले. हत्याकांडाविषयी राणीला संशयाचा फायदा देता येतो. येथे तो देता येत नाही. तिच्या बाजूने लिहिणारे अनेकजण हे प्रकरण दोन ओळींत उरकतात, ते मला योग्य वाटत नाही.

इंग्रजांशी युद्ध तिच्या हट्टामुळे झाले का?

नाही. युद्धाचे तात्कालिक कारण सागवान होते, आणि हे कोकणातल्या माणसाला चटकन समजेल, कारण आपल्या जुन्या घरांच्या तुळया, खांब आणि दरवाजे दाखवताना अजूनही अभिमानाने ‘हे बर्मा टीक आहे’ असे सांगितले जाते.

बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या मुंबईच्या कंपनीला वरच्या ब्रह्मदेशातील जंगलांचा ठेका होता. कंपनीने जेवढे ओंडके बाहेर नेले त्यापेक्षा कमी दाखवून सरकारी देणे चुकवले, असा आरोप ठेवून मंडालेच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्याच वर्षाच्या जानेवारीत ब्रह्मदेशाने फ्रान्सशी व्यापारी करार केला होता आणि पूर्वेकडे इंडोचायनात फ्रेंच पाय रोवत होते, त्यामुळे इंग्रजांच्या पोटात आधीच गोळा आला होता. रंगूनचे व्यापारी राज्य खालसा करा म्हणून धोशा लावून बसले होते. लंडनमध्ये भारतमंत्री लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल आणि येथे व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन, दोघांनाही निमित्त हवे होते, ते दंडाने मिळाले.

ऑक्टोबर १८८५ मध्ये निर्वाणीचा खलिता गेला. परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या सल्ल्याने चालवावेत, हे त्यातले एक कलम. म्हणजे मान्य केले तरी राज्य जाणार आणि अमान्य केले तरी जाणार. प्रधान किनवुन मिंजीचे मत नमते घ्यावे असे होते. मंत्री तैंगदा मिंजी आणि राणी लढण्याच्या बाजूने होते. राणीने भर दरबारात वृद्ध प्रधानाला बायकांची वस्त्रे नेसायला सांगितले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तिचा सल्ला चुकला हे खरे आहे: जनरल प्रेंडरगास्टचे सैन्य आगबोटींतून इरावतीवर चढून आले आणि साधारण पंधरवड्यात मंडालेला पोहोचले. पण चुकीचा सल्ला देणे म्हणजे युद्ध घडवणे नव्हे. तिच्या जागी कोणतीही राणी असती तरी ते ओंडके आणि ती नदी इंग्रजांना हवीच होती.

एक जोड्यांचा मुद्दाही यात होता आणि तो ऐकून आपल्याकडची म्हातारी माणसे मान डोलावतात. राजासमोर जाताना पायातले काढून जमिनीवर बसायचे, हा मंडालेचा शिष्टाचार. इंग्रज सरकारने १८७५ च्या सुमारास आपल्या वकिलांना बूट काढण्यास मनाई केली आणि तेव्हापासून त्यांची राजाशी प्रत्यक्ष भेट बंद झाली. ज्या कोकणात वहाणा ओसरीबाहेर ठेवल्याशिवाय कोणी घरात पाऊल टाकत नाही, तेथे हा अडेलतट्टूपणा कोणाचा होता हे समजावून सांगावे लागत नाही.

राज्य सोडतानाचा प्रसंग कसा होता?

२८ नोव्हेंबर १८८५ रोजी थिबाने शरणागती पत्करली. वाडा सोडण्यास फारसा अवधी मिळाला नाही. ज्यांच्या डोक्यावर पांढऱ्या छत्र्या धरल्या जात, त्यांना साध्या बैलगाड्यांत बसवून इरावतीच्या काठावर नेले. लोक रस्त्याच्या दुतर्फा गुडघे टेकून रडत होते. वाटेत राणीने एका इंग्रज शिपायाकडे चिरूट पेटवायला विस्तव मागितला, असे सांगतात. नदीत ‘थुरिया’ नावाची आगबोट उभी होती. थुरिया म्हणजे आपला सूर्य. राणी त्या वेळी गरोदर होती आणि तिसरी मुलगी १८८६ च्या मार्चमध्ये मद्रासला जन्मली. राजघराण्याचे ‘नगामौक’ नावाचे विख्यात माणिक याच धांदलीत नाहीसे झाले. ते कर्नल स्लेडनने घेतले असे थिबा अखेरपर्यंत म्हणत राहिला.

रत्नागिरीच का निवडली?

कारण येथे येणे कठीण होते आणि येथून निसटणे त्याहून कठीण. तेव्हा रेल्वे नव्हती, ती आपल्याकडे आली थेट १९९० च्या दशकात. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, आणि पावसाळ्यात आगबोटींची ये-जा बंद. ब्रह्मदेशाहून कोणी भेटायला येईल ही शक्यताच उरत नव्हती. शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर याला याच सरकारने रंगूनला ठेवले आणि तो १८६२ मध्ये तेथेच वारला. मंडालेच्या राजाला त्यांनी कोकणात आणले. पुढे लोकमान्य टिळकांना, ज्यांचा जन्म याच रत्नागिरीतला, १९०८ पासून सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात ठेवले गेले. त्या वर्षांत थिबा आणि सुपायालत टिळकांच्या गावात होते आणि टिळक त्यांच्या गावात.

थिबा पॅलेस राणीने आपल्या हौसेने बांधून घेतला का?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. राजघराणे या वाड्यात राहायला आले १९१० साली. त्यापूर्वीची जवळजवळ चोवीस वर्षे त्यांनी आउट्रम हॉल आणि बेकर बंगला या दोन इमारतींत काढली. म्हणजे ज्या वास्तूला आपण थिबाचे नाव दिले आहे तेथे थिबा सहा वर्षे राहिला, धाकटी राणी सुपायाले दोन वर्षे आणि सुपायालत साडेआठ वर्षे.

वाडा बघण्यासारखा आहे, यात शंका नाही. उतरती कौलारू छपरे, जांभा दगड, लाकडी कोरीव काम, अर्धवर्तुळाकार खिडक्या आणि त्यांतील रंगीत काचा. दुपार कलली की वरच्या मजल्यावर त्या काचांतून ऊन आत येते आणि फरशीवर लाल-निळे तुकडे पडतात. मुले त्यांवर पाय ठेवून खेळतात, पण तुकडे पायांवरच चढतात, मग ती हसतात. मला त्या वेळी दर वेळी हाच विचार येतो की साठीकडे झुकलेली ती बाई याच फरशीवरून याच वेळेला चालत असेल आणि तिच्यापुढे येणारी दासी गुडघ्यांवर सरपटत येत असेल. कारण तो शिष्टाचार तिने रत्नागिरीतही सोडला नव्हता. राज्य नव्हते, सैन्य नव्हते, दाराशी पोलिसांचा पहारा होता, पण राणीसमोर ताठ उभे राहायचे नाही हा नियम कायम होता.

त्यांना पैशाची ददात होती का?

होती, आणि त्यात दोन्ही बाजूंचा दोष होता. सरकार जो भत्ता देई तो राजघराण्याच्या इतमामाला पुरेसा नव्हता, आणि राजाराणीला हात आखडून खर्च करण्याची सवय नव्हती. मंडालेहून आणलेले जडजवाहीर एकेक करून स्थानिक सावकारांकडे आणि सराफांकडे गेले. कर्ज वाढले की सरकारकडे अर्ज, मग चौकशी, मग थोडी मदत आणि जास्त बंधने, असे हे चक्र वर्षानुवर्षे चालले.

मुलींच्या आयुष्यावर तिचा काय परिणाम झाला?

तिच्या प्रभावाची चर्चा राज्यकारभारापाशी थांबते, पण तो सर्वांत खोलवर उमटला तो तिच्या चार मुलींवर. दोन मंडालेत जन्मलेल्या, तिसरी मद्रासला आणि चौथी १८८७ मध्ये रत्नागिरीत. याखेरीज काही अपत्ये लहानपणीच दगावली होती.

मुलींना शाळेत घातले नाही. गावातल्या मुलींमध्ये मिसळू दिले नाही. भोवताली जी माणसे होती ती नोकरचाकर, आणि त्यांच्या सहवासात त्यांना मराठी आणि हिंदुस्तानी येऊ लागली. लग्नाचा प्रश्न आला तेव्हा राजरक्ताचाच जावई हवा, हा आग्रह होता. सरकारने सुचवलेली स्थळे पसंत पडली नाहीत. एक भयंकर सत्य येथे समोर येते: या मुलींना शोभतील असे जे राजपुत्र असू शकले असते त्यांतले बहुतेक, आणि त्यांचे बाप, १८७९ च्या फेब्रुवारीत मारले गेले होते. आईबापांच्या गादीसाठी जे रक्त संपवले गेले तेच आता मुलींना हवे होते.

मग मुलींनी आपली वाट काढली. थोरलीचे वाड्यावरील एका मराठी कर्मचाऱ्याशी संबंध जुळले आणि १९०६ मध्ये तिला मुलगी झाली. त्या माणसाचे आधीच लग्न झालेले होते. घराण्याला बसलेला धक्का आपण समजू शकतो, कारण असे काही आपल्या एखाद्या खोतांच्या वाड्यात त्या काळी घडले असते तरी गावात काय बोलले गेले असते ते वेगळे सांगायला नको. थोरली पुढे आईबरोबर रंगूनला गेली, पण मुलीला घेऊन परत रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये येथेच हलाखीत वारली. तिची मुलगी पूर्णपणे रत्नागिरीची झाली. मराठी बोलत, मराठी संसार करत ती येथेच म्हातारी झाली.

दुसरीने १९१७ मध्ये, वडील गेल्यावर काही महिन्यांतच, राजाच्या खासगी चिटणिसाशी आईच्या इच्छेविरुद्ध लग्न केले. सुपायालतने तिला कधीच क्षमा केली नाही. ही मुलगी पुढे कालिंपोंगला स्थायिक झाली. माझ्या मते राणीच्या स्वभावाची सर्वात स्पष्ट खूण मंडालेच्या दरबारात नाही, या दोन मुलींकडे फिरवलेल्या पाठीत आहे.

चौथी, म्हणजे आपल्या मातीत जन्मलेली, सर्वात आईसारखी निघाली. ब्रह्मदेशात परतल्यावर तिने राजघराण्याचे राज्य आणि जडजवाहीर परत मिळावे म्हणून इंग्रज सरकारशी पत्रव्यवहाराने भांडण मांडले. सरकारने तिला रंगूनमधून मोलमीनला धाडले आणि १९३६ मध्ये ती तेथेच वारली.

राजाच्या मृत्यूनंतर तिने शव पुरू दिले नाही, हे खरे आहे का?

खरे आहे, पण लोक ते विक्षिप्तपणा म्हणून सांगतात, तसे ते नव्हते. सुपायाले १९१२ मध्ये वारली आणि थिबा डिसेंबर १९१६ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. दोघांचे देह मंडालेला नेऊन राजघराण्याच्या रीतीने अंत्यविधी करू द्यावा, अशी राणीची मागणी होती. राजाची अंत्ययात्रा ब्रह्मदेशातून निघाली तर लोक पेटून उठतील या भीतीने सरकारने ती मान्य केली नाही. राणीनेही मग येथे पुरायला संमती दिली नाही. शवपेट्या वाड्याच्या आवारातच राहिल्या. थिबाची सव्वादोन वर्षे, सुपायालेची सहा-सात वर्षे. अधिकारी बदलले, पत्रे गेली-आली, राणी हलली नाही. शेवटी मार्च १९१९ मध्ये सरकारने तिच्या संमतीशिवाय दोन्ही शवपेट्या गावातील थडग्यांत ठेवल्या.

आपल्या माणसाचा देह त्याच्या गावी न्यायला मिळावा, एवढेच तिचे म्हणणे होते. मुंबईत वारलेल्या चाकरमान्याला गावच्या स्मशानात नेण्यासाठी रातोरात गाडी करून घाट उतरणारी आपली माणसे आहेत. त्यांना हा हट्ट कळायला अवघड जाऊ नये.

रत्नागिरी सोडल्यावर तिचे काय झाले?

त्यानंतर महिन्याभरातच, एप्रिल १९१९ मध्ये, तिला ब्रह्मदेशात परत जाऊ दिले, पण रंगूनपर्यंतच. मंडाले तिला पुन्हा दिसले नाही. रंगूनमधील चर्चिल रोडवरच्या एका बंगल्यात तिने शेवटची वर्षे काढली. लोक दर्शनाला येत आणि तिच्यासमोर गुडघे टेकत. ज्या जनतेने तिला एके काळी शिव्याशाप दिले होते, तिच्याच दृष्टीने ती आता गेलेल्या स्वातंत्र्याची उरलेली खूण झाली होती. २४ नोव्हेंबर १९२५ रोजी ती वारली. देह मंडालेला नेण्यास याही वेळी नकार मिळाला आणि श्वेडगॉन पगोड्याजवळ तिची समाधी बांधली गेली. पुढे त्याच आवारात संयुक्त राष्ट्रसंघाचे महासचिव ऊ थांट आणि आंग सान सू ची यांच्या मातोश्री यांच्याही समाध्या झाल्या.

मग तिला क्रूर म्हणावे की अन्यायग्रस्त?

दोन्ही शब्द तिला लागू पडतात, पण वेगवेगळ्या गोष्टींसाठी. डाइंग खिन खिनच्या बाबतीत ती क्रूर होती. मुलींच्या बाबतीत कठोर होती. हत्याकांडात तिचा वाटा असलाच, तरी तो तिच्या आईएवढा नव्हता. आणि राज्य बुडवल्याचे जे खापर तिच्या डोक्यावर फोडले गेले ते सर्वस्वी अन्यायाचे होते, कारण त्या राज्याचा लिलाव तिच्या महालात झाला नाही, व्यापाऱ्यांच्या पेढीवर झाला. तेहतीस वर्षे खटला न चालवता कैदेत ठेवणे हाही अन्यायच होता. शिवाय ती शिक्षा जन्मलेल्या आणि न जन्मलेल्या मुलींनाही भोगावी लागली.

रत्नागिरीत तिची आठवण कोठे पाहता येईल?

वाड्यात राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे, तेथे राजघराण्याच्या खुणा पाहता येतात. मागील बाजूची बुद्धमूर्ती अवश्य पाहावी. पुढे थिबा पॉइंटवर संध्याकाळी गेल्यास खाली भाट्ये खाडी, काजळी नदीचे मुख आणि दूरवर समुद्र दिसतो. राजा येथून येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी पाहत असे, असे गावात सांगतात. राणीविषयी तसे काही कोणी सांगत नाही.

शिवाजीनगर भागात समाध्या आहेत. २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन येथे येऊन गेले आणि राजाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, २०१६ मध्ये, तेथील मान्यवरांनी येथे श्रद्धांजली वाहिली. तेथे दोन थडगी शेजारी शेजारी आहेत, एक उंच आणि एक लहान. लहान थडग्यासमोर उभे राहून ‘ही ती राणी’ असे सांगणारे अनेकदा भेटतात. ते थडगे धाकट्या सुपायालेचे आहे. सुपायालतचे थडगे रंगूनला आहे.